जनूच्या वाट्याची गोधडी

बदलापूरच्या बेलवलीतल्या जनूचा पलंग दर वर्षी चार बोटं वाढायचा. आता लाकूड काही वाढत नाही, हे जनूलाही कळत होतं. वाढायचा तो गादीखालचा कपडा. जनूची बायको ठमाबाई दर गुरुवारी उल्हासनगरला जायची आणि कतरनीची, कापून उरलेल्या कपड्याच्या तुकड्यांची, दोन बोचकी घेऊन यायची. आधी माळा भरला. मग पलंगाखालची जागा भरली. मग कपाट भरलं आणि जनूच्या पँटी फ्रीजवर राहायला गेल्या. शेवटी जागाच उरली नाही, तेव्हा ठमाबाईने गादी उचलली, खाली बोचकी सपाट करून ठेवली आणि गादी परत वर टाकली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जनू आधी पाटावरून पलंगावर चढायचा, मग स्टुलावरून. हल्ली त्याच्या मुलाने, अल्पेशने, रंगवाल्याकडून जुनी शिडी आणून दिली होती. पाठ टेकली की पंख्याच्या पात्यावरचं कंपनीचं नाव जनूला चष्म्याशिवाय वाचता यायचं.

बरं, एवढ्या कपड्यावर झोपणारा माणूस उबेला असेल असं तुम्हाला वाटेल. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. ऊब खालून होती, थंडी वरून. आणि बदलापूरची थंडी ही काही मुंबईच्या लोकांची थंडी नव्हे, की स्वेटर काढायचा, फोटो काढायचा आणि स्वेटर परत ठेवायचा. जानेवारीच्या पहाटे इथे दात वाजतात. जनूच्या अंगावर होतं निवडणुकीत फुकट मिळालेलं एक ब्लँकेट. उमेदवार पडला आणि ब्लँकेटही त्याच वर्षी विरलं.

आणि बायको कोण? ठमाबाई! अंबरनाथपासून वांगणीपर्यंत गोधडी म्हटलं की तिचंच नाव निघायचं. तिची एक गोधडी दुबईला गेली होती. तिथे थंडी नाही, म्हणून ते लोक एसी लावून ती पांघरत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो गेली बारा वर्षं जनूच्या अंगावर पडला होता.

ठमाबाईचा एक नियम होता. गिऱ्हाईक आपल्या घरची लुगडी-धोतरं आणणार, ती नुसतं शिवून देणार. दुसऱ्याच्या गोधडीत आपली चिंधी घालायची नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांचं काम होत राहायचं आणि उल्हासनगरचा माल जसाच्या तसा पडून राहायचा. साठा वाढायचा फक्त, कमी व्हायचं नाव नाही.

"ठमे, यो कपरा कुनासाठी?" जनू विचारायचा.

"लागतंय."

"मग मना एक गोधरी कर ना त्याच्यातली."

"तुमची करायची हाय की. तुमची शेवटाला."

शेवटाला म्हणजे गिऱ्हाइकं संपल्यावर, असं जनू समजत होता. गिऱ्हाइकं संपत नव्हती. दर दिवाळीला तो विचारायचा, दर दिवाळीला तेच उत्तर. बारा वर्षं माणूस काय, डोंगरही हलला असता. आपल्या वाट्याची एक गोधडी हवी, बस, एवढंच जनूचं मागणं होतं. ना त्याला सोनं हवं होतं ना गाडी.

यंदा मार्गशीर्षात मात्र त्याला वाट सापडली, आणि ती अंबरनाथ पश्चिमेतून गेली.

तिथे गोधडी शिवणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं. मंडळाची अध्यक्षा मीनल, चाळिशीची, हुशार, बोलायला लागली की समोरच्याने श्वास घेऊन ठेवावा. ती गोधडीला क्विल्ट म्हणायची. तिनेही कपडा जमवला होता, रंगवार घड्या करून, काचेच्या कपाटात. एक दिवस ते कपाट उघडेना, आणि उघडलं तर मिटेना. तेव्हापासून तिला उपरती झाली. जो नवा मुसलमान होतो तो जास्त बांग देतो म्हणतात, तसं मीनलचं झालं. तिने मंडळात विषयच ठेवला: गोधडीवालीने साठा करावा की करू नये?

ठमाबाई मंडळाची सगळ्यात जुनी सभासद. पिशवी उचलायला जनू बरोबर गेला आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला.

काय ती चर्चा! एक बाई म्हणाली, साठा हवा, लोणच्यासारखा मुरतो. दुसरी म्हणाली, माझ्याकडे साठा नाहीच, आहे तो सासूबाईंच्या नावावर आहे. तिसरीने उभं राहून कबूल केलं की तिने एक कपडा इतका जपला, इतका जपला, की आता तो कुठे आहे ते तिलाच माहीत नाही, पण आहे या विचाराने बरं वाटतं. यावर बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

मग ठमाबाई उठली. "ताटातला भात सरला तरी टोपात असावा," ती म्हणाली. "जेवायचा नसंल तरी असावा."

"पण काकी," मीनल म्हणाली, "तुमचं वय बासष्ट. तुमच्याकडे जेवढं कापड आहे ते शिवायला तुम्हाला अजून तीस वर्षं लागतील. हे सगळं संपणार कधी?"

"त्येच त," असं म्हणून ठमाबाई खाली बसली.

बायका हसल्या. काकींना उत्तर सुचलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. जनूही हसला. तेव्हा त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, आणि ते न शिरल्यामुळेच पुढचं सगळं रामायण झालं.

मतं घेतली ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग मीनलने जाहीर केलं की संक्रांतीपर्यंत जिच्या घरी साठा शून्य होईल तिला प्रमाणपत्र मिळेल, लॅमिनेशन करून. पण नियम कोण लिहिणार? साठा म्हणजे नेमकं काय? ब्लाऊजपीस धरायचा का? टॉवेल धरायचा का? गोंधळ माजला.

तेव्हा दाराशी जनू खाकरला.

जनू एकतीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तीन सह्या असल्याशिवाय त्याने कधी कुणाला बोल्ट दिला नव्हता. साहेब स्वतः आला तरी नाही. साठा म्हणजे काय, हे त्याला विचारायचं म्हणजे सोनाराला सोनं विचारण्यासारखं. त्याने मीनलकडून कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि एका बैठकीत नियम लिहून दिले. नियम पहिला: सुटा कपडा म्हणजे साठा. नियम दुसरा: ज्या कपड्यातून टाका गेला, ती गोधडी, तो साठा नव्हे. नियम तिसरा: समिती घरी येऊन काटा लावून पाहील.

जनूचा हिशेब सरळ होता. प्रमाणपत्र हवं तर ठमीला कपडा शिवावा लागणार. एवढा कपडा शिवला तर निदान शंभर गोधड्या होणार. शंभर गोधड्यांतली एक त्याची. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात ना, तसा जनू बारा वर्षं मागून थकला होता आणि आता कायद्याच्या वाटेला लागला होता.

ठमाबाईला त्या प्रमाणपत्रात काडीचा रस नव्हता. पण निघताना मीनल तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काकी, तुम्ही नाही घेतलात भाग तरी चालेल हं. या वयात नको दगदग."

संपलं. आता ठमाबाई साक्षात देवाचंही ऐकणार नव्हती.

घरी येऊन तिने जनूकडून नियम तीनदा वाचून घेतले.

"टाका गेला म्हंजी गोधरी?"

"हाव."

"एकच टाका गेला तरी?"

आता इथे जनूने जीभ चावायला हवी होती. पण तो पडला स्टोअरकीपर. नियमाबद्दल कुणी विचारलं की त्याची मान आपोआप ताठ व्हायची. "नियमात आकडा लिवला नाय," तो म्हणाला. "एक गेला तरी चालंल."

"आनि गोधरी केवरी असावी, त्ये?"

"त्ये पन नाय लिवलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमाबाईने बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका गोळा केल्या आणि साठा गच्चीवर चढवायला सुरुवात केली. माळ्यावरचा, कपाटातला, पलंगाखालचा, पलंगावरचा. गच्चीच्या मधोमध तिने तो एकावर एक पसरला. साटीनवर कॉटन, कॉटनवर रेयॉन, रेयॉनवर लेस. चार दिवस नुसतं पसरणं चाललं. पाचव्या दिवशी तो थर जनूच्या कमरेला लागला. मग ठमाबाईने दाभण घेतला. पोती शिवायचा दाभण तो, पण अर्ध्यात जाऊन अडकला. तेव्हा अल्पेशला शिरगावहून बोलावलं. तो भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीन घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आई, गोधडीला ड्रिल? सिरियसली?"

"तू भोक पार, अक्कल नको शिकवू."

भोकं पाडली. सुतळी ओवली. वरून एक बाई, खालून एक बाई. खालची बाई म्हणजे अल्पेशच, कारण गच्चीच्या फरशीला टेकलेल्या थराखाली हात घालायला बाकी कुणी तयार होईना. संक्रांतीच्या दोन दिवस आधी ठमाबाईने शेवटची गाठ मारली. गोधडी एक. चार कोपरे. आठ माणसांनाही उचलेना.

जनू जिन्याच्या दारात उभा राहून बघत होता. शंभर गोधड्यांची एक झालेली त्याने डोळ्यांनी पाहिली. आपणच लिहिलेला नियम आपल्याच थोबाडीत बसला, आणि हाय-हाय करायचीही सोय नव्हती.

समिती आली. मीनल पुढे, हातात हुकाचा काटा. तिने घर पाहिलं. माळ्यावर एक झुरळ होतं, तेही एवढी मोकळी जागा बघून भांबावलेलं. कपाटात जनूच्या पँटी. पलंगाखाली फरशी.

"काकी, कापड कुठे गेलं?"

"शिवला."

मीनल गच्चीवर गेली. तिने गोधडीभोवती एक फेरी मारली. सुतळी ओढून पाहिली. नियमांचा कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. मग जनूकडे बघितलं. जनू आकाशाकडे बघत होता.

"काका, ही गोधडी आहे?"

"टाका हाय," जनू कसंबसं म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं.

समितीतल्या दोघी टाके तपासायला म्हणून वर चढल्या. दुपारचं ऊन होतं, खाली एवढा मऊ थर. पाच मिनिटांत दोघी घोरायला लागल्या. मीनलने काटा पर्समध्ये टाकला आणि प्रमाणपत्र काढलं. लॅमिनेशन केलेलं. ठळक अक्षरांत: साठा शून्य.

जनूचा पलंग जमिनीवर आला. पहिल्या सकाळी तो उठला आणि सवयीने शिडीसाठी पाय खाली सोडला, तर पाय लगेच फरशीला लागला आणि त्याला गरगरलं. अंगावर तेच ब्लँकेट. एका पहाटे त्याने गच्चीवर जाऊन त्या गोधडीखाली शिरायचाही प्रयत्न केला. डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. दूधवाल्याने काखेत हात घालून ओढून काढला. उसवून एखादा तुकडा काढावा, तर ठमाबाईच्या माहेरची रीत अशी की गोधडीत घातलेला टाका उसवायचा नाही, घरावर संकट येतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने आधी नोटीस लावली, की गच्चीवर परवानगीशिवाय गोधडी ठेवली आहे. मग टाकीच्या पाण्याने तिसऱ्या मजल्यावर होणारं गळणं बंद झालं आणि नोटीस गुपचूप निघाली.

गुरुवार आला. ठमाबाई उल्हासनगरला गेली नाही.

पुढचा गुरुवार आला. तेव्हाही नाही. गिऱ्हाइकांची गाठोडी तिने ज्याची त्याला परत केली. कात्रीला तेल लावून ती फडक्यात गुंडाळली. बोटात घालायची पितळी टोपी मीनलला देऊन टाकली. जनूला वाटलं, बायको दमली, विश्रांती घेतेय, बरं झालं.

मग एका सकाळी तिने पत्र्याची पेटी उघडली आणि चार लुगडी काढली. एक लग्नातलं हिरवं. एक अल्पेशच्या वेळचं ओटीभरणाचं. एक सासूने दिलेलं. एक जनूने पहिल्या बोनसला आणलेलं, गुलाबी, जे तिने एकदाही नेसलं नव्हतं, कारण रंग काही केल्या तिला पटला नव्हता.

"यो कपरा साठ्यातला नाय," ती म्हणाली. "यो तुमचा."

आणि तिने जनूची गोधडी शिवायला घातली.

जनूला आकाश ठेंगणं झालं. त्याने दूधवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, शिरगावला फोन करून अल्पेशला आणि सुनेला, रिद्धीला, दोघांना वेगवेगळं सांगितलं. ब्लँकेटची त्याने त्याच दिवशी पायपुसणी करायचं ठरवलं. ठमाबाई खिडकीशी उन्हात बसून शिवायची आणि जनू शेजारी बसून बघायचा. गोधडीचा टाका कडेने सुरू होतो. चारी बाजूंनी एक फेरी, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी. असं फिरत फिरत मध्याकडे यायचं. मधली जागा भरली की गोधडी झाली.

चौथ्या दिवशी मध्ये ताटाएवढी जागा राहिली होती.

"ठमे, झाली गो आता. मग पुढं काय शिवशील?"

"पुढं काय? मग झालं."

"झालं म्हंजी?"

ठमाबाईने सुई थांबवली नाही. भाजीला काय करू, असं विचारावं त्याच आवाजात ती बोलत होती. "आमच्या आयनं साऱ्या गावाच्या गोधऱ्या शिवल्या. बापसाची शेवटाला. आमच्यात तशीच रीत. दादल्याची गोधरी शेवटाला. सोमवारी ती पुरी झाली, टोपल्यात चिंधी नव्हती. मंगलवारी आय हात धुवून बसली, बोलली, चला, माझं झालं. आठ दिवसांत गेली. ताप नाय, खोकला नाय. काम नव्हतं, गेली. आजीचं पन तसंच."

जनूने गोधडीवरचा हात काढून घेतला.

"म्हनून त मी कपरा आनत होते. घरात कपरा हाय, त माझं काम बाकी हाय. काम बाकी असलेल्या बाईला मधेच कोन नेतंय? त्याला पन काय रीत असंल का नाय." सुई फिरत होती. "तुमाना थंडी वाजते त्ये मना दिसत नव्हतं का? बारा वर्सं दिसत होतं. रोज सकाली वाईट वाटायचं. पन मना जायचं नव्हतं. तुमाना सोरून मना जायचंच नव्हतं."

"मग आता कनाला शिवतंस?" जनूने विचारलं.

"नियम तुमीच लिवलात ना? साठा शून्य. मना वाटलं, तुमाना आता गोधरीच पायजे. त घ्या."

जनूला आठवला कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस. महिनाभर रॅक रिकामे होत होते. शेवटी साहेब कागद घेऊन आला, शिल्लक शून्य, सही करा. जनूने सही केली. नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि शाल अशी की तिच्यातून वर्तमानपत्र वाचावं. त्यानंतर तीन महिने आपल्या हातांचं काय करायचं ते त्याला कळलं नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नंबर दिले होते. ठमीने तेव्हा एका शब्दाने हटकलं नव्हतं. तिखट मागायचं असेल तर ती म्हणायची, सोला नंबर द्या. एकतीस वर्षं ज्याने स्टोअर सांभाळलं त्याला एवढं कळू नये? किमान साठा ठेवावा लागतो. तो संपला की खातं बंद होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठून मोरीत गेला आणि उगाच तोंड धुऊन आला.

मध्ये आता बशीएवढी जागा उरली होती.

"उद्या दुपारपरेन होईल," ठमाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनू चहा न घेता बाहेर पडला. अल्पेशला फोन करून टेम्पो घेऊन उल्हासनगरला यायला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही.

कतरनीच्या दुकानात जयदेव शेठ गल्ल्यावर बसला होता. त्याने जनूला ओळखलं, कारण ठमाबाईमागे पिशव्या उचलताना त्याला बारा वर्षं पाहिलं होतं. "अरे साईं! काकी किधर है? दो गुरुवार हो गए. तब्येत ठीक ना?"

"ठीक है. शेठ, माल होना. इतना होना की संपलाच नाय पाहिजे."

शेठने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काकी तो चुन चुन के लेती है. आपको कौनसा चाहिए? ये कॉटन देखो, मक्खन है, फटाफट सिलाई होता है."

"फटाफटवाला नको. जो शिवायला सबसे कठीण है, वो दो."

एवढ्या वर्षांच्या धंद्यात शेठला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. त्याने मागच्या खोलीत नेलं. "ये जीन्स का कतरन है. इसमें सुई टूटती है. कोई लेता नहीं."

"दो गठ्ठे."

"ये जॉर्जेट. हाथ में टिकता नहीं, फिसलता है. बाई लोग गाली देती है."

"तीन गठ्ठे. सब मिक्स करून दो, शेठ. एकदम गुंता करून."

शेठच्या माणसांनी जीन्स आणि जॉर्जेट एकत्र कालवलं. अल्पेश टेम्पोला टेकून बघत होता. "बाबा, आत्ताच घर खाली झालंय ना? आई ओरडेल."

"ओरडू दे," जनू म्हणाला. "गारी जोरात घे. दुपार व्हायच्या आत पोचायला पायजे."

रस्त्याला ट्रॅफिक लागलं तेव्हा जनू खाली उतरून हाताने गाड्या बाजूला करत होता. अख्ख्या आयुष्यात त्याने एवढी घाई केली नव्हती. लग्नालाही तो उशिराच गेला होता.

ते घरात शिरले तेव्हा ठमाबाई खिडकीशी होती. गोधडीच्या मध्ये सुपारीएवढी जागा उरली होती, आणि सुतात शेवटचे पाच-सहा टाके. जनूने काही बोलायच्या भानगडीत न पडता पहिला गठ्ठा फरशीवर टाकला आणि सुरीने फोडला. मग दुसरा. मग तिसरा. कपडा उसळून बाहेर आला, पलंगावर गेला, ठमाबाईच्या मांडीवर आला, गोधडीवर आला. अल्पेशने उरलेले दोन आणून दारात ओतले आणि दार मिटेनासं झालं.

ठमाबाईने कपड्याकडे पाहिलं. मग जनूकडे पाहिलं. तो धापा टाकत उभा होता, केसांत जॉर्जेटची एक पिवळी पट्टी.

"कनाला आनलाव?"

"स्वस्त भेटला."

तिने एक चिंधी उचलली, दोन बोटांत चोळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय यो माल! जीन आनि जार्जेट एका गठ्ठ्यात? शेठनं फसवला तुमाना. बाप्या मानूस गेला की असंच होतंय. याच्यात सुई तुटंल, याच्यात टाका सरकंल. यो नुसता निवरायला दोन वर्सं जातील."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय जाऊ दे? मीनलला बोलवा, माझी टोपी परत मागा तिच्याकरून. कात्री काढा. त्या फडक्यात हाय, कोपऱ्यात." बोलता बोलता तिने सुई गोधडीत होती तिथेच खोचली, गोधडीची घडी घातली आणि गादी उचलून ती खाली, पलंगाच्या फळीवर ठेवली. मग फरशीवर बसकण मारून तिने निवडायला घेतलं. जीन एकीकडे, जॉर्जेट एकीकडे. ती एकसारखी शेठला शिव्या देत होती. ऐकून जनूला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

संध्याकाळपर्यंत निवडायच्या राहिलेल्या मालाची बोचकी पलंगावर चढली, त्यावर गादी गेली. पलंगाचा एक पाय डुगडुगत होता, तर जनूने भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून त्याखाली सरकवलं. लॅमिनेशन असल्यामुळे ते चांगलं बसलं. माल यंदा जास्त होता, म्हणून पलंगही एकदम वाढला. अल्पेशने पंखा उतरवून ठेवला, नाहीतर उठताना बाबांचं डोकं आपटलं असतं.

सकाळी जनू शिडीच्या वरच्या टोकाला, छताशी नाक लावून, निवडणुकीचं ब्लँकेट ओढून पडला होता. सगळ्यात खाली, फळीवर, त्याची गोधडी होती, सुई खोचलेली, मध्ये सुपारीएवढी जागा रिकामी. ती कुठे आहे ते त्याला नक्की माहीत होतं. त्याचे दात वाजत होते.

खालून ठमाबाईचा आवाज आला. ती आधीच निवडायला बसली होती. "थंडी वाजते का वो?"

"वाजते."

"होईल हां तुमची पन. एवरं सरलं की."

"घाई नाय," जनू म्हणाला आणि ब्लँकेट कानापर्यंत ओढून घेतलं.